मेजर कोणता, मायनर कोणता? पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी निवडीपासून नोंदणीपर्यंत

बारावीनंतर बीए, बीएस्सी किंवा बीकॉमला गेलेल्या मुलांपुढे आज जो प्रश्न येतो, तो त्यांच्या आईवडिलांपुढे या रूपात आला नव्हता. तेव्हा शेवटच्या वर्षी स्पेशल विषय घेतला की निवड संपत असे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार पदवीची रचना बदलली. महाराष्ट्रात ती स्वायत्त महाविद्यालयांत २०२३-२४ पासून आणि संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून लागू झाली. आता पहिल्या वर्षातच मेजर (मुख्य विषय), मायनर (जोडविषय), ओपन इलेक्टिव्ह (शाखेबाहेरचा ऐच्छिक विषय) असे शब्द कानावर आदळतात, हातात फॉर्म येतो आणि तो भरायला चार दिवस मिळतात. त्या चार दिवसांत बहुतेक मुले विषयाचे नाव ऐकून किंवा मैत्रीण काय घेते ते पाहून रकाना भरतात.

या लेखातला मुख्य सल्ला आधीच सांगून ठेवते: मेजर निवडताना त्या विषयाचा शेवटच्या वर्षाचा अभ्यासक्रम आधी वाचा आणि तिथून मागे या. पहिल्या वर्षाचे पेपर ओळख करून देण्यापुरते असतात. विषयाचा खरा स्वभाव पाचव्या-सहाव्या सत्रात दिसतो आणि तुम्हाला पदवी त्याच स्वभावाची मिळणार असते.

आधी रचना नीट समजून घ्या

सगळा हिशोब क्रेडिटमध्ये चालतो. एक क्रेडिट म्हणजे एका सत्रात १५ तासांची थिअरी किंवा ३० तासांचे प्रात्यक्षिक. महाराष्ट्राच्या आराखड्यात दर सत्राला २० ते २२ क्रेडिट असतात. तीन वर्षांच्या पदवीला १२० ते १३२ आणि चार वर्षांच्या ऑनर्स पदवीला १६० ते १७६ क्रेडिट लागतात. यातला सर्वांत मोठा वाटा मेजरचा. यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, चौकटीप्रमाणे एकूण क्रेडिटपैकी निम्मे तरी मेजर विषयात मिळवावे लागतात. मायनरला राज्याच्या आराखड्यात १८ ते २० क्रेडिट आहेत.

बाकीच्या क्रेडिटमध्ये भाषा, मूल्यशिक्षण, भारतीय ज्ञानप्रणाली, कौशल्याचे कोर्स, फील्ड प्रोजेक्ट, समाजकार्याचा प्रकल्प आणि ओजेटी, म्हणजे प्रत्यक्ष कामाच्या ठिकाणचे प्रशिक्षण, हे सगळे येते. यातले बरेचसे ठरलेले असते, त्यामुळे त्यावर डोके फार शिणवू नका. व्हीएससी नावाचा व्यावसायिक कौशल्याचा कोर्स मात्र बहुधा मेजरशी जोडलेला असतो. म्हणजे मेजर ठरला की तोही जवळजवळ ठरतो.

नवीन मुलांचा सर्वांत जास्त गोंधळ होतो तो मायनर आणि ओपन इलेक्टिव्ह यांत. ओपन इलेक्टिव्ह तुमच्या मेजरच्या विद्याशाखेबाहेरचे घ्यावे लागते आणि त्यात सातत्याची अट नसते. या सत्राला वित्तीय साक्षरता, पुढच्या सत्राला छायाचित्रण, असे चालते. मायनर हा एकाच विषयातला सलग अभ्यास आहे. तो मेजरच्याच विद्याशाखेतला दुसरा विषय असू शकतो किंवा वेगळ्या शाखेतलाही. 'मी मानसशास्त्र घेतलंय' असे सांगणाऱ्या मुलीने प्रत्यक्षात दोन क्रेडिटचे ओपन इलेक्टिव्ह घेतलेले असते आणि ते तिला दुसऱ्या वर्षी कळते. म्हणून फॉर्ममधल्या प्रत्येक विषयापुढे तो कोणत्या गटात आहे हे वाचायची सवय लावा.

मेजर केव्हा ठरतो हे सगळीकडे सारखे नाही. काही ठिकाणी प्रवेशाच्या वेळीच ठरतो. काही ठिकाणी पहिल्या वर्षी दोन-तीन विषय बरोबरीने शिकवतात आणि दुसऱ्या वर्षाच्या प्रवेशावेळी त्यांतला एक मेजर, एक मायनर करायला सांगतात. तुमच्या कॉलेजात यातली कोणती पद्धत आहे हे पहिल्याच आठवड्यात विचारून घ्या. दुसरी पद्धत असेल तर पहिल्या वर्षी घेतलेल्या विषयांपलीकडे पुढे जाता येत नाही, हे ध्यानात ठेवून ते दोन-तीन विषय निवडा.

अभ्यासक्रम शेवटून वाचा

विद्यापीठाच्या संकेतस्थळावर प्रत्येक विषयाचा अभ्यासक्रम असतो. तो कोणत्या पॅटर्नचा, म्हणजे कोणत्या वर्षी लागू झालेल्या आराखड्याचा, आहे ते वरच लिहिलेले असते. जुन्या पॅटर्नची फाइल उघडून निर्णय घेतला असे होऊ नये. नव्या पॅटर्नचा तिसऱ्या वर्षाचा भाग अजून आलेला नसेल तर मात्र जुना जरूर वाचा, कारण विषयाचा गाभा पॅटर्नबरोबर फारसा बदलत नाही.

आता वाचायचे काय? पेपरांची नावे वाचून थांबू नका. प्रत्येक घटकाखालचे मुद्दे, प्रात्यक्षिके आणि संदर्भग्रंथ पाहा. काही विषयांबद्दल बाहेर जी समजूत असते आणि आत जे शिकावे लागते, त्यांत बरेच अंतर आहे.

मानसशास्त्र घेणाऱ्यांना माणसांशी बोलायचे असते, त्यांना समजून घ्यायचे असते. हे खरेच आहे, पण वाट संख्याशास्त्रातून, चाचण्यांच्या गुणांकनातून आणि प्रयोगांच्या अहवालांतून जाते. आकडेवारीची धास्ती असेल तर ती घालवायची तयारी हवी. अर्थशास्त्रही असेच. पहिल्या वर्षीचे मागणी-पुरवठ्याचे आलेख सोपे वाटतात. पुढे संख्याशास्त्रीय पद्धती येतात, काही ठिकाणी अर्थमितीही (आकडेवारीवरून आर्थिक संबंध मोजण्याचे शास्त्र) येते आणि एमएला तर गणिताशिवाय पान हलत नाही.

संगणकशास्त्र म्हणजे फक्त कोडिंग, असे समजून आलेल्यांना डिस्क्रीट मॅथेमॅटिक्स, डेटा स्ट्रक्चर्स आणि ऑपरेटिंग सिस्टिम भेटतात. भौतिकशास्त्राच्या शेवटच्या वर्षात क्वांटम मेकॅनिक्स आणि विद्युतगतिकी असते. दोन्हींची भाषा गणित. वनस्पतिशास्त्र-प्राणिशास्त्राला नावे पाठ करायचे विषय मानतात, पण आज त्यांतला मोठा भाग जनुकशास्त्र, जैवरसायन आणि रेणवीय जीवशास्त्राचा आहे. भूगोल कलाशाखेत असला तरी त्याला प्रात्यक्षिके असतात. नकाशे, सर्वेक्षण, उपग्रहप्रतिमा, जीआयएस (संगणकावरची नकाशा-माहितीप्रणाली) हे सगळे हाताने करावे लागते आणि मला वाटते, कलाशाखेतल्या मुलांनी या विषयाकडे आज आहे त्यापेक्षा पुष्कळ जास्त लक्ष द्यायला हवे.

मराठी घेणाऱ्यांनाही हेच सांगेन. कथा-कविता वाचण्याची आवड ही सुरुवात झाली. पुढे भाषाविज्ञान आहे, व्याकरण आहे, भरताच्या रससूत्रापासून आनंदवर्धनाच्या ध्वनिसिद्धान्तापर्यंतचे साहित्यशास्त्र आहे, महानुभाव आणि वारकरी वाङ्मयाची जुनी भाषा आहे. ज्याला हे वाचताना आनंद होतो त्याने लोकांच्या 'पुढे काय करणार' या प्रश्नाला न घाबरता मराठी घ्यावे. इतिहासातही घटना आणि सनावळ्या हा छोटा भाग आहे. साधने कशी तपासायची, दोन परस्परविरोधी साधनांपैकी कोणते किती ग्राह्य मानायचे, हे इतिहासलेखनशास्त्र शिकवते.

अभ्यासक्रम वाचून झाला की वाचनालयात जा. तिसऱ्या वर्षाच्या एखाद्या पेपरचे संदर्भपुस्तक मागून घ्या आणि मधले कुठलेही एक प्रकरण वाचा. सगळे समजणार नाही, तशी अपेक्षाही नाही. पहायचे एवढेच की न समजलेले समजून घ्यावेसे वाटते का, की पुस्तक मिटावेसे वाटते. मग जुन्या प्रश्नपत्रिका पाहा. उत्तरे निबंधवजा लिहायची आहेत, गणिते सोडवायची आहेत, की आकृत्या काढून स्पष्टीकरण द्यायचे आहे, हे त्यांतून दिसते. विभागप्रमुखांची परवानगी घेऊन वरच्या वर्गाच्या एक-दोन तासांना बसता आले तर फारच उत्तम. विचारले तर सहसा कोणी नाही म्हणत नाही. मुले विचारत नाहीत, ही अडचण आहे.

पहिल्या सत्रातल्या गुणांवर किती भिस्त ठेवायची? थोडी. त्यांत अंतर्गत मूल्यमापनाचा वाटा असतो, पेपर ओळखीच्या पातळीचे असतात. एखाद्या विषयात कमी मेहनतीत बरे गुण पडले आणि दुसऱ्यात खूप मेहनतीने तेवढेच, तर त्याची नोंद घ्या. पण ज्या विषयाचे पुस्तक परीक्षा संपल्यावरही उघडावेसे वाटले, त्याला माझ्या मते गुणपत्रिकेपेक्षा जास्त वजन आहे.

पुढच्या वाटांना काय लागते ते तपासा

इथे दोन प्रकार आहेत आणि ते एकमेकांत मिसळले की मुले विनाकारण घाबरतात.

काही वाटांना मेजर कोणता याने फरक पडत नाही. यूपीएससीच्या नागरी सेवा परीक्षेला कुठल्याही शाखेची पदवी चालते. तीन वर्षांच्या एलएलबीला आणि एमबीएलाही तसेच. तिथे टक्केवारीची अट आणि प्रवेश परीक्षा असते. म्हणून 'स्पर्धा परीक्षा द्यायची आहे, तर राज्यशास्त्रच घ्यावे लागेल' हे खरे नाही. राज्यशास्त्र आवडत असेल तर घ्या. परीक्षेच्या भीतीने नको.

दुसऱ्या वाटांना मात्र विषय लागतो. अनेक एमएस्सी प्रवेशांत पदवीला तोच विषय मेजर असण्याची, किंवा गणितासारखा सहायक विषय ठरावीक काळ शिकलेला असण्याची अट असते. शिक्षक व्हायचे असेल तर बीएडला अध्यापन पद्धतीचे विषय पदवीच्या विषयांवरून ठरतात, त्यामुळे शाळेत शिकवला जाणारा विषय मेजर किंवा मायनरमध्ये असणे महत्त्वाचे. चिकित्सा मानसशास्त्रज्ञ म्हणून काम करायला भारतीय पुनर्वास परिषदेने मान्य केलेले प्रशिक्षण आणि नोंदणी लागते; नुसत्या पदवीवर ते होत नाही. संशोधनाकडे जायचे असेल तर चौथ्या वर्षाचा विचार आत्ताच मनात ठेवा. पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के किंवा अधिक गुण असणाऱ्यांना ऑनर्स विथ रिसर्च, म्हणजे चौथ्या वर्षात संशोधन करून मिळणारी पदवी, करता येते. चार वर्षांच्या पदवीनंतर पदव्युत्तर पदवी एका वर्षात करता येते आणि चार वर्षांची पदवी ७५ टक्क्यांनी पूर्ण करणाऱ्यांना नेट ही राष्ट्रीय पात्रता परीक्षा देऊन थेट पीएचडीकडे वळण्याची मुभा यूजीसीने दिली आहे. राखीव प्रवर्गांना गुणांत सवलत आहे.

तुम्हाला पुढे जिथे जावेसे वाटते अशा दोन-तीन अभ्यासक्रमांची चालू वर्षाची माहितीपुस्तिका उघडा आणि पात्रतेचे वाक्य जसेच्या तसे वहीत उतरवून घ्या. कोणी तरी सांगितलेली पात्रता आणि छापलेली पात्रता यांत फरक निघतो, आणि तो पदवीच्या शेवटच्या वर्षी निघाला तर हातात काही उरत नाही.

मायनर

१८ ते २० क्रेडिट म्हणजे जवळजवळ एका पूर्ण सत्राएवढे काम, पदवीभर विखुरलेले. एवढा वेळ 'सोपा विषय आहे, गुण मिळतात' म्हणून घालवू नये, असे मला मनापासून वाटते.

मायनर मेजरला आधार देणारा असू शकतो. भौतिकशास्त्राला गणित, अर्थशास्त्राला संख्याशास्त्र किंवा गणित, मानसशास्त्राला समाजशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्राला रसायनशास्त्र. पुढे पदव्युत्तर शिक्षण घ्यायचे नक्की असेल तर ही निवड सहसा सर्वांत फायद्याची ठरते. भौतिकशास्त्र मेजर आणि गणित नाही, अशी जोडी शक्यतो टाळाच. मायनर दुसरे दार उघडणाराही असू शकतो. इतिहास मेजर आणि भूगोल मायनर असेल तर शाळेत शिकवायला दोन्ही उपयोगी पडतात. मराठी मेजर घेऊन इंग्रजी किंवा हिंदी मायनर केले तर भाषांतराच्या कामाची तयारी होते. आणि निव्वळ आवडीचा मायनरही चांगला, पण मेजरची घडी पक्की बसली असेल तर. रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्याला संगीत शिकायचे असेल आणि त्याचे कॉलेज ते देत असेल, तर जरूर शिकावे.

मायनरलाही पूर्वतयारीची अट असते का, ते विचारा. दहावीनंतर गणित सोडलेल्याला विज्ञानशाखेचे गणित मायनर म्हणून मिळेलच असे नाही, आणि मिळाले तरी झेपायला कठीण जाईल. तुम्हाला हवा तो विषय कॉलेजात नसेल तर स्वयम् या ऑनलाइन मंचावर पाहा. यूजीसीच्या नियमानुसार एका सत्रातल्या एकूण कोर्सपैकी ४० टक्क्यांपर्यंत कोर्स तिथून करता येतात. पण आधी कॉलेजची लेखी मान्यता, मग नोंदणी. उलट केलेत तर प्रमाणपत्र मिळते, क्रेडिट मिळत नाहीत.

दुसऱ्या विषयाचा ध्यासच असेल आणि मायनरने भागत नसेल, तर दुहेरी मेजरची तरतूद यूजीसीच्या चौकटीत आहे. त्यासाठी दुसऱ्या विषयात किमान ४० टक्के क्रेडिट लागतात. वेळापत्रकात हे बसवणे फार थोड्या कॉलेजांना जमते. २०२२ पासून एकाच वेळी दोन पदव्या करायलाही परवानगी आहे, म्हणजे नियमित पदवीबरोबर मुक्त विद्यापीठातून दुसरी पदवी घेता येते. ताकद आणि वेळ पाहूनच त्या वाटेला जा.

कॉलेज प्रत्यक्षात काय देते?

कागदावर जोड्या पुष्कळ असतात. वर्ग भरतो तो शिक्षक, खोली आणि पुरेशी मुले असतील तर. म्हणून विभागात जाऊन विचारा: या विषयाला पूर्णवेळ शिक्षक किती, तासिका तत्त्वावर किती? गेल्या वर्षी हा मायनर प्रत्यक्ष चालला का? किती विद्यार्थी असतील तरच तुकडी सुरू होते? जागा मर्यादित असतील तर गुणवत्ता यादी कशावर लागते? मेजरचे प्रात्यक्षिक आणि मायनरचा तास एकाच वेळी येतो का? या प्रश्नांत उद्धटपणा काही नाही. नम्रपणे विचारलेल्या नेमक्या प्रश्नांनी शिक्षकांना बरेच वाटते. त्याच विषयाच्या तिसऱ्या वर्षातल्या दोन मुलांशीही बोला. खूश असलेल्या एकाशी आणि वैतागलेल्या एकाशी.

घरच्यांशी बोलताना अभ्यासक्रमाची प्रत आणि पात्रतेची उतरवलेली वाक्ये सोबत ठेवा. 'मला आवडतं' एवढ्यावर बाबा-काका-आत्या थांबत नाहीत, आणि त्यांच्या काळजीला कागदावरचे उत्तर मिळाले तर बोलणे वादाकडे जात नाही.

नोंदणी: इथे हयगय नको

सूचनाफलक आणि कॉलेजचा व्हॉट्सअ‍ॅप गट, दोन्हींवर लक्ष ठेवा. विषयनिवडीची मुदत सहसा छोटी असते. फॉर्म ऑनलाइन असला तरी काही ठिकाणी विभागप्रमुखांची सही लागते, आणि नेमक्या त्याच दिवशी ते परीक्षेच्या कामावर असू शकतात. शेवटच्या दिवसासाठी काही ठेवू नका. पसंतीक्रम मागितला असेल तर दुसरी आणि तिसरी पसंतीही विचार करून लिहा, कारण पुष्कळांना तीच मिळते. फॉर्म भरल्यावर त्याची प्रिंट काढून घ्या किंवा पीडीएफ जपून ठेवा.

यानंतरचे काम बहुतेक मुले विसरतात. परीक्षेचा फॉर्म भरताना विषयांचे सांकेतांक तुमच्या निवडीशी ताडून पाहा. हॉलतिकीट आले की पुन्हा पाहा. पहिली गुणपत्रिका आली की मेजर, मायनर आणि ओपन इलेक्टिव्ह योग्य गटात पडलेत ना, ते तपासा. चूक एका सत्रात सापडली तर दुरुस्त होते. तीन सत्रे तशीच गेली तर मायनरचे क्रेडिट भरत नाहीत.

तुमचे क्रेडिट अ‍ॅकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्समध्ये जमा होतात. तिचे खाते डिजिलॉकरमधून उघडता येते. आधार कार्डावरचे नाव आणि कॉलेजच्या नोंदीतले नाव तंतोतंत जुळले पाहिजे. आडनाव आधी की नंतर, आईचे नाव आहे की नाही, अशा बारीक फरकानेही क्रेडिट अडकतात. पहिल्या सत्राच्या निकालाआधीच हे जुळवून घ्या.

निवड बदलायची झाली तर

दुसऱ्या सत्राच्या अखेरीस त्याच व्यापक विद्याशाखेत मेजर बदलण्याची मुभा यूजीसीची चौकट देते. जागा शिल्लक हवी आणि नव्या मेजरचे राहिलेले क्रेडिट भरून काढावे लागतात, म्हणून बदलायचे असेल तर तिथेच बदला. त्यानंतर प्रत्येक सत्राबरोबर ते महाग होत जाते. एक पेपर राहिला, एटीकेटी लागली, एवढ्यावरून विषय सोडू नका. पुनर्परीक्षा देऊन बघा. सहा महिने नेटाने अभ्यास करूनही विषय परका वाटत असेल तर बदल करण्यात कमीपणा नाही.

मध्येच शिक्षण थांबवायची वेळ आली तर पहिल्या वर्षानंतर प्रमाणपत्र आणि दुसऱ्या वर्षानंतर पदविका मिळण्याची सोय आहे. त्यासाठी वर्षाच्या क्रेडिटशिवाय चार क्रेडिटचा कौशल्याचा कोर्स किंवा इंटर्नशिप पूर्ण करावी लागते. तीन वर्षांच्या आत परत येता येते आणि एकूण सात वर्षांत पदवी पुरी करायची असते.

बदलाचा अर्ज तोंडी कधीही करू नका. प्राचार्यांच्या नावे साध्या कागदावर लिहा: नाव, वर्ग, पीआरएन (विद्यापीठाचा कायम नोंदणी) क्रमांक, सध्याचा मेजर-मायनर, हवा असलेला बदल, दोन ओळींत कारण, सोबत गुणपत्रिकेची प्रत. दोन प्रती काढा. एक कार्यालयात द्या आणि दुसरीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घेऊनच बाहेर पडा. आठवड्यात उत्तर आले नाही तर ती प्रत घेऊन विभागप्रमुखांना भेटा. तोंडी नकार मिळाला तर तो कोणत्या नियमाने आहे ते लेखी मागा. पुष्कळदा अडचण नियमात नसते, वेळापत्रकात असते, आणि वेळापत्रकावर तोडगा निघू शकतो.